सिल्व्हर ॲपल्स : दोन माणसं, नऊ ऑसिलेटर आणि उशिरा पोचलेला आवाज

शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोन लावणं हे आमच्या घरी आजोबांचंच काम. बुधवारी आठ वाजायच्या आत ते व्हॉल्व्हच्या, म्हणजे आत तापणाऱ्या काचेच्या नळ्या असलेल्या, रेडिओसमोर स्टूल ओढून बसायचे. रेडिओ तापायला मिनिटभर लागायचं. मग ते ट्यूनिंगचं बटण केसाकेसाने फिरवायचे. आधी नुसती खरखर, मग 'कुंईंईं' अशी लांब शिट्टी. बटण फिरेल तशी ती वर चढायची, पुन्हा खाली उतरायची, आणि दोन शिट्ट्यांच्या मधल्या बारीकशा फटीत कधीतरी अमीन सायानींचा आवाज सापडायचा. घरातली बाकीची मंडळी त्या आवाजाची वाट बघत बसायची. मला ती शिट्टीच आवडायची. आजोबांनी स्टेशन पक्कं लावलं की मला वाईट वाटायचं.

कित्येक वर्षांनी एका मित्राने न्यूयॉर्कच्या एका जुन्या बँडचं गाणं ऐकवलं आणि मी ताडकन उठून बसलो. तीच शिट्टी! पण इथे ती सुरात होती आणि ठेक्यावर चालत होती. गाण्याचं नाव 'ऑसिलेशन्स', साल १९६८, बँडचं नाव सिल्व्हर ॲपल्स. बँड म्हणजे दोनच माणसं. एक जण ड्रम वाजवणारा. दुसऱ्यासमोर लष्कराच्या आणि प्रयोगशाळांच्या भंगारातून आणल्यासारख्या दिसणाऱ्या यंत्रांचा ढीग. गिटार नाही, पियानो नाही, कीबोर्डसुद्धा नाही.

बीटल्स, पिंक फ्लॉइड, जिमी हेंड्रिक्स ही नावं आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत असतात. सिल्व्हर ॲपल्स हे नाव खुद्द अमेरिकेतही थोड्यांनाच ठाऊक आहे. त्यांच्या हयातीत, म्हणजे बँडच्या पहिल्या हयातीत, दोन रेकॉर्ड निघाल्या आणि सगळं संपलं. तरीही आज इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या कितीतरी जणांच्या बोलण्यात हे नाव आदराने येतं. हे कसं झालं हे समजायचं तर तीन गोष्टी समजून घ्याव्या लागतात : ते यंत्र काय होतं, त्यातून तसंच संगीत का निघालं, आणि बुडालेला आवाज पुन्हा वर कसा आला. पहिल्या गोष्टीला जरा वेळ देऊ, कारण बाकी सगळं तिच्यातूनच निघतं.

त्याआधी 'सायकेडेलिक' या शब्दाबद्दल दोन ओळी. हा शब्द हम्फ्री ऑसमंड या मानसोपचारतज्ज्ञाने १९५६ च्या सुमारास, लेखक ऑल्डस हक्सली यांच्याशी चाललेल्या पत्रव्यवहारात घडवला. ग्रीक भाषेतला 'सायकी' म्हणजे मन आणि 'डेलोस' म्हणजे उघड, स्पष्ट दिसणारं. साठच्या दशकात एलएसडीसारख्या द्रव्यांच्या अनुभवाशी हा शब्द जोडला गेला, आणि तो अनुभव आवाजातून उभा करू पाहणाऱ्या रॉक संगीतालाही तेच नाव मिळालं. उलट्या फिरवलेल्या टेप, लांबलेले प्रतिध्वनी, एकाच सुरावर बराच वेळ थांबणं, सतारीची तार, ही त्याची ओळख. बहुतेक बँड हे सगळं गिटारभोवती बांधत होते. सिल्व्हर ॲपल्सनी गिटारच बाजूला ठेवली.

ऑसिलेटर म्हणजे काय?

शाळेच्या पुस्तकात याला 'आंदोलक' म्हणतात, आणि शब्द चांगला आहे. झोपाळा डोळ्यांसमोर आणा. एका टोकाला जातो, परततो, दुसऱ्या टोकाला जातो. ऑसिलेटरमध्ये वीज अशी झोके घेते. एका सेकंदात किती झोके पडतात ती वारंवारता, ती हर्ट्झमध्ये मोजतात. हे झोके स्पीकरला दिले की त्याचा पडदा तितक्याच वेळा पुढेमागे हलतो, हवा हलते आणि आपल्याला सूर ऐकू येतो. सेकंदाला ४४० झोके पडले तर हार्मोनियमवरच्या मधल्या सप्तकातली पांढरी सहा ऐकू येईल. आकडा दुप्पट करून ८८० केला की तोच सूर वरच्या सप्तकात. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, आणि चांगला ऑसिलेटर ही सगळी रेंज फिरून येतो.

हे यंत्र गाण्यासाठी बनलेलंच नव्हतं. रेडिओ, ॲम्प्लिफायर, टेलिफोनच्या लाइनी तपासायला ठरावीक वारंवारतेचा स्वच्छ सूर लागतो, तो देणारं हे चाचणीचं उपकरण. ह्यूलेट-पॅकार्ड या आज जगभर माहीत असलेल्या कंपनीचं पहिलं उत्पादन म्हणजे पालो आल्टोच्या एका गॅरेजमध्ये बनलेला ऑडिओ ऑसिलेटर. त्याच्या सुधारित आवृत्तीचे आठ नग डिस्नेच्या स्टुडिओने 'फँटेशिया' या चित्रपटाच्या ध्वनिव्यवस्थेसाठी विकत घेतले होते. आपल्याकडेही पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या प्रत्येकाने प्रॅक्टिकलला हा डबा हाताळलेला असतो. शेजारी विजेची लहर दाखवणारा सीआरओ, त्याच्या हिरव्या पडद्यावर नागमोडी रेघ, आणि जर्नलमध्ये तिची पेन्सिलीने काढलेली आकृती. हेडफोन जोडून बटण गरागरा फिरवायचा मोह तिथे कुणाला होत नाही?

या डब्याची एक खोड आहे, तीच त्याचं वैशिष्ट्यही आहे. हार्मोनियमला पट्ट्या असतात. दोन पट्ट्यांच्या मधला सूर तिच्यावर लागत नाही. ऑसिलेटरला पट्ट्याच नाहीत. बटण फिरवलं की सूर खालून वर घसरत जातो, आपण मींड म्हणतो तसा, आणि वाटेतल्या प्रत्येक श्रुतीला स्पर्श करून जातो. म्हणजे स्वातंत्र्य पुष्कळ, पण नेमक्या सुरावर थांबणं महाकठीण. त्यातून ही व्हॉल्व्हची यंत्रं. तापली की सूर हळूहळू सरकतो. सकाळी लावलेला सूर संध्याकाळी तिथेच सापडेल याची खात्री नाही.

आणि एक गंमत दोन ऑसिलेटर एकदम लावल्यावर होते. एक ४४० वर, दुसरा ४४३ वर ठेवला तर दोन वेगळे सूर ऐकू येत नाहीत. एकच सूर ऐकू येतो, पण तो सेकंदाला तीन वेळा फुगतो आणि ओसरतो. दोन लहरी कधी एकमेकींना साथ देतात, कधी एकमेकींना पुसून टाकतात, म्हणून हे हेलकावे. तानपुऱ्याची जोड लावताना हेच ऐकू येतं. दोन तारा जवळजवळ जुळल्या की 'वाँव-वाँव' सुरू होतं, आणखी जुळल्या की ते संथ होतं, आणि पूर्ण जुळल्या की थांबतं. तानपुरा लावणारा हे हेलकावे मोजूनच तार ताणत असतो. आजोबांच्या रेडिओतली शिट्टीसुद्धा याच घराण्यातली. रेडिओच्या पोटात एक ऑसिलेटर असतोच. त्याची आणि बाहेरून येणाऱ्या लहरींची गाठ पडली की लहरींमधला फरक आपल्या कानापर्यंत शिट्टी होऊन येतो, आणि बटण फिरवलं की तो फरक बदलतो, म्हणून शिट्टी चढते-उतरते.

सिमियन आणि त्याचा ढीग

सिमियन कॉक्स १९३८ साली टेनेसीत जन्मला, न्यू ऑर्लिन्समध्ये वाढला आणि चित्रकार व्हायला न्यूयॉर्कला आला. पोटासाठी तो ओव्हरलँड स्टेज इलेक्ट्रिक बँड नावाच्या एका नेहमीच्या रॉक बँडमध्ये गायचा. ग्रेनिच व्हिलेजमधल्या 'कॅफे व्हा?' या ठिकाणी त्यांचे कार्यक्रम व्हायचे. एका मित्राकडे त्याने १९४० च्या दशकातला एक ऑडिओ ऑसिलेटर पाहिला. रेकॉर्ड लावायची आणि तिच्या साथीला ऑसिलेटर फिरवायचा, असा त्या मित्राचा नाद. सिमियनने तो डबा उसना घेतला आणि सरळ मंचावर नेऊन ठेवला.

बँडमधल्या बाकीच्यांना ते मुळीच पटलं नाही. गिटारवाल्यांना तर त्या घसरणाऱ्या सुरासोबत काय वाजवावं तेच कळेना. एकेक जण सोडून गेला. शेवटी उरले सिमियन आणि ड्रमर डॅनी टेलर. १९६७ मध्ये या दोघांनी नवं नाव घेतलं : सिल्व्हर ॲपल्स. विल्यम बटलर येट्स या आयरिश कवीच्या एका कवितेत चंद्राची रुपेरी सफरचंदं आणि सूर्याची सोनेरी सफरचंदं येतात, तिथून हे नाव आलं. त्याच साली मॉर्टन सबोटनिक या संगीतकाराची निव्वळ इलेक्ट्रॉनिक संगीताची एक गाजलेली रेकॉर्ड निघाली, 'सिल्व्हर ॲपल्स ऑफ द मून'. तीही त्याच कवितेतून. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, पण शोधताना हमखास घोटाळा होतो, म्हणून सांगून ठेवतो.

एकाचे दोन, दोनाचे चार करत सिमियनकडे ऑसिलेटरांची उतरंड जमली. पहिल्या रेकॉर्डच्या वेष्टनावर तिचं वर्णन आहे : एकावर एक रचलेले नऊ ऑडिओ ऑसिलेटर आणि हाताने चालवायची ८६ नियंत्रणं. या सगळ्या उतरंडीला नाव पडलं 'द सिमियन'. वाद्याला माणसाचं नाव! वरच्या चालीचे आणि तालाचे ऑसिलेटर तो हातांनी, कोपरांनी, गुडघ्यांनी वाजवायचा, आणि खर्जाचे पायांनी.

पण ऑसिलेटर चालू केला की तो बोंबलतच राहतो. ठोका पाडायचा कसा? त्यासाठी सिमियनने तारयंत्राच्या किल्ल्या वापरल्या. पूर्वी तार ऑफिसात 'कडकट्ट' वाजायच्या त्याच किल्ल्या. दाबली की जोडणी होते आणि सूर वाजतो, सोडली की गप्प. प्रत्येक ऑसिलेटर गाण्याआधी एकेका सुरावर लावून ठेवायचा आणि किल्ल्या दाबून हवे ते सूर हव्या त्या वेळी उघडायचे. पियानोसारखा कीबोर्ड वाजवायला तो कधी शिकलाच नाही.

आता इथे जरा थांबा, कारण या बँडच्या संगीताचं सगळं मर्म या जोडणीत आहे. नऊ ऑसिलेटर म्हणजे एका वेळी हाताशी फार तर नऊ सूर, त्यातले दोन-तीन खर्जात अडकलेले. गाणं चालू असताना पटकन दुसऱ्या पट्टीत जायची सोय नाही. एरवीच्या रॉक गाण्यात तीन-चार कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे सुरांचे गट, फिरत असतात, कडवं एका रंगाचं, धृपद दुसऱ्या रंगाचं. सिमियनला हे जमण्यासारखंच नव्हतं. म्हणून त्याची गाणी एका-दोन कॉर्डवरच राहतात. खालून खर्जाची एक घुमारदार लय अखंड चालू, वर एखादी शिट्टी घिरट्या घालते, आणि शब्द मंत्र म्हटल्यासारखे एकसुरी येतात. पुनरावृत्ती ही त्याची शैली झाली कारण यंत्राने दुसरा रस्ताच ठेवला नव्हता. आणि त्या पुनरावृत्तीतच गुंगी आहे. एकतारीच्या एकाच तारेवर गाणाऱ्याला हे वेगळं सांगायची गरज नाही.

डॅनी टेलरकडे लोक दुर्लक्ष करतात, ते मला खटकतं. यंत्रांचे फोटो काढायला सोपे, म्हणून लेखही त्यांच्यावरच लिहिले जातात. पण 'ऑसिलेशन्स' ऐकताना यंत्र बाजूला ठेवून नुसते ड्रम ऐका. साध्या रॉकचा 'धाड-ताड' नाही तो. लहान-मोठ्या ड्रमांवरून फिरत फिरत पुन्हा पहिल्या जागी येणारं एक आवर्तन आहे, अगदी काटेकोर, तरीही हाताचा लवचीकपणा असलेलं. डॅनीने दोन ड्रमसेट एकत्र करून सगळे ड्रम सुरात लावले होते. सिमियनचा खर्ज बदलला की डॅनी त्या सुराला जुळणाऱ्या ड्रमांकडे वळायचा. म्हणजे जी सुरावट बाकीचे बँड गिटारींकडून काढतात तिचा मोठा वाटा इथे ड्रम उचलत होते. यंत्र डगमगतं, सूर सरकतो, पण गाणं मोडत नाही, कारण खाली डॅनी आहे. आज ज्याला आपण 'लूप' म्हणतो, संगणकावर एकच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवतात तो, हा माणूस हातांनी वाजवत होता.

दोन रेकॉर्ड आणि एक विमान

पहिली रेकॉर्ड बँडच्याच नावाने १९६८ मध्ये कॅप रेकॉर्ड्सने काढली. चंदेरी वेष्टन, नऊ गाणी. बरेचसे शब्द कवी मित्रांकडून आलेले. 'ऑसिलेशन्स' हे पहिलंच गाणं, आणि त्याचा विषयही ऑसिलेशन्सच. आपलं वाद्य काय आहे हे गाण्यातूनच सांगून टाकलं. 'डान्सिंग गॉड्स' हे नावाहो आदिवासींच्या विधिगीतावर बेतलेलं आहे.

पण मला सगळ्यात जवळचं गाणं 'प्रोग्रॅम'. त्यात मध्येच रेडिओ लागतो. खरोखरचा रेडिओ. कुठल्यातरी स्टेशनवरचं बोलणं, भलत्याच संगीताचा तुकडा, सरकून दुसरं स्टेशन, आणि तेवढ्यात ड्रमांचा ठेका पुन्हा सगळं ताब्यात घेतो. सॅम्पलिंग, म्हणजे दुसऱ्या कशाचा तरी ध्वनिमुद्रित तुकडा उचलून आपल्या गाण्यात बसवणं, ही पुढे हिपहॉपची भाषा झाली. इथे ते काम रेडिओचं एक बटण करतंय. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला बुधवारची रात्र आठवली, आणि स्टुलावर पुढे वाकलेली आजोबांची पाठ.

ही रेकॉर्ड 'बिलबोर्ड' या अमेरिकी संगीतविषयक नियतकालिकाच्या २०० रेकॉर्डच्या यादीत कशीबशी १९३ व्या क्रमांकापर्यंत चढली. १९६९ मध्ये दुसरी आली, 'कॉन्टॅक्ट'. ती पहिलीपेक्षा खडबडीत आणि अस्वस्थ आहे. तिच्यातल्या 'रुबी'मध्ये सिमियन चक्क बँजो वाजवतो. अमेरिकेच्या डोंगराळ भागातलं ते ग्रामीण वाद्य आणि प्रयोगशाळेतले ऑसिलेटर एकाच गाण्यात नांदतात, आणि कान सरावला की त्यात काही विचित्र वाटत नाही.

घात केला तो वेष्टनाने. पुढच्या बाजूच्या फोटोत दोघे पॅन ॲम या विमान कंपनीच्या विमानाच्या कॉकपिटमध्ये वैमानिकांच्या जागी बसलेले आहेत, कंपनीचं बोधचिन्ह स्पष्ट दिसतंय. मागच्या बाजूला कोसळलेल्या विमानाचे अवशेष आणि त्यात बसलेले हे दोघे. स्वतःच्या नावाशेजारी अपघाताचं चित्र पाहून विमान कंपनी संतापली यात नवल नाही. कुठलीही संतापली असती. प्रकरण कोर्टात गेलं, रेकॉर्ड दुकानांतून निघाल्या, कार्यक्रम मिळेनासे झाले. तिसऱ्या रेकॉर्डचं काम सुरू होतं, पण ती काढायला आता कुणी नव्हतं. १९७० मध्ये बँड संपला. कॅप हे नावही पुढच्या काही वर्षांत एमसीए या मोठ्या कंपनीत विरून गेलं.

सिमियन दक्षिणेकडे अलाबामात गेला, चित्रं काढत राहिला, टीव्हीवर बातमीदारी केली. डॅनी साध्या नोकरीला लागला. दोघांचा संपर्क तुटला. उतरंडीचंही काही उरलं नाही.

चोरीच्या सीडीने आणलेला पुनर्जन्म

अशा बँडचं पुढे काय होतं? रेकॉर्डच्या थोड्या प्रती जगात कुठे कुठे पडून असतात. जुन्या रेकॉर्डच्या दुकानात कुणीतरी ते चंदेरी वेष्टन बघून कुतूहलाने ती उचलतो. ऐकतो, चक्रावतो, मित्राला कॅसेटवर भरून देतो. तो आणखी कुणाला देतो. ज्यांना असल्या आवाजाची भूक असते त्यांच्यापर्यंत ती कॅसेट बरोबर पोचते, आणि असे लोक पुष्कळदा स्वतः संगीत करणारे असतात.

कायद्याची बाजूही इथे समजून घ्यायला हवी. गाणं कलाकाराचं असलं तरी स्टुडिओत मुद्रित झालेल्या मूळ टेपवर, म्हणजे मास्टरवर, त्या काळी बहुधा कंपनीचा हक्क असायचा. कंपनी दुसरीने गिळली की मास्टर तिच्या गोदामात जातो. तिला वाटलं तर रेकॉर्ड पुन्हा निघते, नाही वाटलं तर टेप पडून राहते, आणि कलाकाराच्या हातात काही नसतं. ही कोंडी बेकायदेशीरपणे फुटली. १९९४ च्या सुमारास जर्मनीतल्या एका छोट्या रेकॉर्ड कंपनीने दोन्ही रेकॉर्ड परवानगी न घेताच सीडीवर काढल्या. सिमियनला याचा पत्ताच नव्हता. न्यूयॉर्कला गेला असताना दुसऱ्याच कुणाकडून त्याला कळलं की तुझी गाणी युरोपात विकली जातायत आणि तरुण पोरं ती ऐकतायत.

ती चोरीच होती, आणि त्या सीडीचा पैसा या दोघांना मिळाला नाही. मला हे कौतुकाने सांगता येत नाही. कलाकाराच्या कष्टावर दुसऱ्याने केलेली कमाई, एवढाच त्याचा अर्थ. पण तिच्यामुळेच मागणी आहे हे दिसलं, आणि १९९७ मध्ये एमसीएने दोन्ही रेकॉर्ड अधिकृतपणे एका सीडीवर काढल्या, हेही खरंच आहे.

त्याआधीच, १९९६ मध्ये, सिमियनने नव्या साथीदारांना घेऊन बँड पुन्हा उभा केला होता. डॅनी कुठे आहे ते मात्र कुणालाच माहीत नव्हतं. तो सापडला रेडिओमुळे. एका केंद्रावर सिल्व्हर ॲपल्सची गाणी लागली, चौकशी झाली आणि धागा जुळला. पंचवीसेक वर्षांनी दोघे भेटले तेव्हा डॅनीने सांगितलं की तिसऱ्या रेकॉर्डच्या टेप त्याच्या माळ्यावरच्या एका खोक्यात आहेत. इतकी वर्षं! ती रेकॉर्ड 'द गार्डन' या नावाने १९९८ मध्ये निघाली. तिच्यातली काही गाणी जुनी, पूर्ण झालेली आहेत. काहींत डॅनीचे त्या काळचे सरावाचे ड्रम आहेत आणि त्यांच्यावर सिमियनने १९९८ मध्ये वाजवलेले ऑसिलेटर. एकाच गाण्यात तीस वर्षांचं अंतर, आणि ठेका कुठेही चुकत नाही.

वारसा कुणाकडे गेला?

इथे जरा जपून बोलायला हवं. इलेक्ट्रॉनिक संगीताचा इतिहास लिहिणारे सिल्व्हर ॲपल्सच्या पुढे लांबलचक रांग लावतात. जर्मनीतले कॅन, नॉय, क्राफ्टवर्क. न्यूयॉर्कचाच सुइसाइड हा दोघांचा बँड. मग सगळं टेक्नो, म्हणजे यंत्राच्या ठेक्यावरचं नाचाचं संगीत. पण आधी येणं आणि शिकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकसारखा चालणारा ठेका आणि यंत्राचा अखंड सूर या वाटेवर जर्मनीतली मंडळी त्यांची तीच पोचली असं मानायला जागा आहे. नुसत्या साम्यावरून मी तरी नातं जोडणार नाही.

जे नातं पक्कं आहे ते नव्वदीनंतरचं. इंग्लंडमधल्या स्पेसमेन थ्री या बँडचा पीटर केंबर सिमियनचा चाहता होता. पुढे दोघांनी मिळून ध्वनिमुद्रण केलं. ब्रिस्टलचा पोर्टिसहेड हा बँड तर उघड ऋण मान्य करतो. २००८ मधल्या त्यांच्या 'थर्ड' या रेकॉर्डवर 'वी कॅरी ऑन' नावाचं गाणं आहे. ते आणि 'ऑसिलेशन्स' लागोपाठ ऐका. तोच धडधडता खर्ज, तेच पुन्हा पुन्हा फिरून येणारे ड्रम, वर बेथ गिबन्सचा थरथरता आवाज. नक्कल मुळीच नाही. एका घरातल्या दोन पिढ्यांचा चेहरा जसा मिळतो तसं आहे. २००७ च्या डिसेंबरात इंग्लंडमधल्या एका महोत्सवासाठी कलाकार निवडायचं काम पोर्टिसहेडकडे होतं, तेव्हा त्यांनी सिल्व्हर ॲपल्सना बोलावून घेतलं होतं.

आपल्या देशातली एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. 'कॉन्टॅक्ट' निघाली त्याच साली, १९६९ मध्ये, डेव्हिड ट्यूडर या अमेरिकी संगीतकाराने अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर हे विजेवर सूर घडवणारं वाद्य बसवून इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा केला. गीता साराभाई, अतुल देसाई अशा मंडळींनी तिथे काम केलं. पुढे तो स्टुडिओ बंद पडला आणि टेप संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. पॉल पर्गस या ब्रिटिश कलाकाराने त्या शोधून काढल्या आणि २०२३ मध्ये त्यातलं निवडक संगीत प्रसिद्ध झालं. सिल्व्हर ॲपल्सशी याचा थेट संबंध नाही. पण माळ्यावरचं खोकं आणि संस्थेच्या संग्रहातलं कपाट या दोन्ही ठिकाणी कुणीतरी टेप फेकून दिली नाही म्हणून आज आपण ऐकू शकतो, हे मला सारखं जाणवत राहतं. आपल्या घराघरांत अशा किती कॅसेटी असतील : मेळ्यांच्या, भजनांच्या, गावातल्या बँडच्या. त्या टाकून द्यायच्या आधी एकदा तरी लावून बघा.

ऐकायला सुरुवात कुठून करावी असं कुणी विचारलं तर मी 'ऑसिलेशन्स' आणि 'प्रोग्रॅम' सांगतो. मोबाइलच्या स्पीकरवर नको. खर्ज ऐकूच येणार नाही आणि मग उरेल नुसती शिट्टी. हेडफोन लावा. पहिल्यांदा सूर किंचित उतरलेला वाटेल. तो तसा आहेच. व्हॉल्व्ह तापतायत.

'द गार्डन' निघाली त्याच १९९८ मध्ये एका कार्यक्रमाहून परतताना बँडच्या गाडीला अपघात झाला आणि सिमियनची मान मोडली. बँड पुन्हा थांबला. चालणंसुद्धा त्याला नव्याने शिकावं लागलं. २००५ मध्ये डॅनी गेला. त्यानंतर सिमियन मंचावर परतला तो एकटाच. २०१६ मध्ये 'क्लिंगिंग टू अ ड्रीम' ही नवी रेकॉर्ड काढली, आणि ८ सप्टेंबर २०२० रोजी, ८२ व्या वर्षी तो गेला तोवर जमेल तसा वाजवत राहिला. डॅनीने मागे ठेवलेल्या मुद्रणांमधून सिमियनने ठोके वेगळे काढून ठेवले होते, आणि कार्यक्रमात तो ऑसिलेटरची बटणं फिरवत असताना शेजारी ड्रम डॅनीचेच वाजायचे.